एकतिसावा फोटो

१

हॉटेलात तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकी सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे. तोंडावर मोजपट्टीबाई, पाठीमागे नुसतंच मोजपट्टी. त्यात कोणाची चूकही नव्हती. तिच्या एप्रनच्या खिशात सदानकदा एक पिवळी पट्टी गुंडाळलेली असायची, आणि उशी पलंगाच्या कडेपासून बाराऐवजी तेरा सेंटिमीटरवर असली तर ती तिला दारातूनच खुपायची.

कामच तसलं होतं म्हणा. हॉटेल बड्या लोकांचं, आणि तिथली एक खोली दुसरीसारखी नव्हती. एक खोली म्हणजे जहाजातली केबिन, एक जुनं ग्रंथालय, एक बर्फातली झोपडी, तर एक चक्क आगगाडीचा डबा, ज्याच्या खिडकीबाहेर पडद्यावर शेतं पळायची. चादरी-टॉवेल सांभाळणाऱ्या काकांना या डब्याचं भारी हसू यायचं. "इथं घोरत पडतील," ते म्हणायचे, "आणि परत जाताना खऱ्या गाडीत झोप लागत नाही म्हणून कुरकुरतील."

जुने पाहुणे अकराला जायचे, नवे दोनला यायचे. मधल्या तीन तासांत सफाईवाल्या मुली खोली झाडूनपुसून घ्यायच्या आणि मग ही त्या खोलीचा अल्बम घेऊन आत शिरायची. प्रत्येक खोलीचा वेगळा अल्बम. त्यात चाळीसेक फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली टाइप केलेली मापं. फोटोत जे आहे ते खोलीत हवं, फोटोत नाही ते खोलीत नको. हॉटेल चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं: फोटो बरोबर, खोली चूक.

नव्या मुलींना हे वाचून हसू फुटायचं. तिला मात्र गेलं वर्षभर ते वाक्य फार सोयीचं वाटत होतं. डोकं चालवायला लागत नाही. बघायचं, मोजायचं, हलवायचं आणि खाली सही ठोकायची.

२

तीनशे नऊ ही नवी खोली. तिचं नाव 'लहानपण'. छोटं कपाट, लाकडी घोडा, भिंतीवर ढग, रंगीत खडूंची पेटी आणि त्यातले तीन खडू मुद्दाम मोडलेले. पलंगाखाली एकच मोजा, पायापासून तीस सेंटिमीटरवर, टाच बाहेरच्या बाजूला. राहायला यायची ती मोठी माणसं, बरं का. पोट सुटलेली, पाय पलंगाबाहेर लोंबणारी. सकाळी निघताना मात्र एकेकाचे डोळे सुजलेले असायचे.

ही खोली हिच्याकडे देताना मोठ्या मॅडम जरा घुटमळल्या. "तुम्हाला जमेल ना? नाहीतर मी दुसऱ्या कोणाला सांगते."

"जमेल की," ती म्हणाली. "खोली ती खोली."

मॅडमचं घुटमळणं बरोबरच होतं. चौदा महिन्यांपूर्वी हिचा साडेपाच वर्षांचा मुलगा गेला होता. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. हॉटेलातली यच्चयावत माणसं घरी येऊन गेली होती. काकांनी तर तिच्या नवऱ्याला धरून हंबरडा फोडला होता. हिच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. रडून घे, रडून घे, असं जो तो सांगायचा. आता यायलाच नाही तर काय करायचं? दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. जेवण जायचं, झोप लागायची, बसही वेळेवर मिळायची.

तर तिनं तीनशे नऊ घेतली. रोज तो मोजा तीस सेंटिमीटरवर ठेवला. काही वाटलं नाही.

३

एकतिसावा फोटो होता बाथरूमच्या दाराच्या चौकटीचा. अगदी साधा फोटो. साईच्या रंगाची चौकट आणि एक कडी, बस. इतके दिवस ती त्यावर सही करून पान उलटायची.

त्या मंगळवारी तिचा हात थांबला. फोटोत चौकटीवर शिसपेन्सिलीची एक आडवी रेघ होती. खाली टाइप केलं होतं: रेघ, लांबी चार, जमिनीपासून चौऱ्याहत्तर.

चौकट कोरी होती. तिनं वाकून पाहिलं, बोट फिरवलं. लाकूड जरा ओलसर लागलं, रेघ मात्र नव्हती. सजावटवाल्यांनी पान बदललं असेल. त्यांना रोज काहीतरी नवं सुचतं आणि राबायचं आपण. तरी खात्री केलेली बरी म्हणून तिनं मॅडमना वर बोलावलं.

मॅडमनी फोटो पाहिला, चौकट पाहिली. "ही पहिल्यापासून आहे की. सफाईवालीनं घासून काढली असणार. काढा परत."

"पहिल्यापासून?"

"अहो, मीच नाही का बसून सगळे फोटो निवडले?" मॅडम म्हणाल्या आणि फोन कानाला लावून निघूनही गेल्या.

तिनं पट्टी लावली. चौऱ्याहत्तर. चार सेंटिमीटरची रेघ ओढली, बाजूला होऊन फोटोशी ताडून पाहिली आणि सही केली. चौऱ्याहत्तर हा आकडा तिला नवा नव्हता, पण वर्षाचं कुठलंही पोर साधारण तेवढंच असतं. ती पुढच्या खोलीकडे वळली.

४

घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर नऊ रेघा होत्या. दर सहा महिन्यांनी, रविवारी, आंघोळ झाल्या झाल्या. केस ओले असले की फुगत नाहीत, माप खरं येतं, हा तिचा हट्ट. पोरगा कुडकुडत उभा राहायचा आणि बाप हसत म्हणायचा, "तुझी आई तुला कपाट समजते रे."

बाप चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पोर गेल्यापासून माणूस निम्मा झाला होता. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत तो त्या नऊ रेघांवरून खालून वर अंगठा फिरवायचा. प्रत्येक रेघेची त्याच्याकडे एक गोष्ट होती आणि ती तो कोणी ऐको न ऐको सांगायचा. आता दुकानाची नवी शाखा दुसऱ्या गावात निघत होती आणि मालकानं त्याला तिकडे बोलावलं होतं. दोघांनी जायचं ठरवलं. हिनं राजीनामा दिला. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार तिचा शेवटचा दिवस, रविवारी सामानाचा ट्रक. घरमालक रंग लावून घर दुसऱ्याला देणार, म्हणून नवऱ्यानं एक सुतारही ठरवला होता. चौकटीची ती उभी फळीच कापून बरोबर न्यायची. "बाकी सामान राहिलं तरी चालेल," तो म्हणाला होता, "फळी पहिली ट्रकमध्ये."

मंगळवारी ती घरी आली तेव्हा तो चौकटीपाशी उकिडवा बसला होता. चष्मा काढायचा, पुसायचा, परत लावायचा.

"अगं, खालची रेघ कुठं गेली?"

"कुठली?"

"पहिली. तो टेबलक्लॉथ धरून उभा राहिला आणि किटली पाडली, ती. तू पुसलीस का?"

"मी कशाला पुसू?"

"मग कोणी पुसली? भूत येतंय घरात?" तो रडायलाच लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या जागी लाकूड कोरं होतं, नुसतं पुसल्यासारखं नाही, तर जन्मात तिथं कधी काही लिहिलंच नव्हतं असं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या फोटोत दोन रेघा होत्या. दुसरी साडेएक्याऐंशीवर. तिनं ती काढली.

संध्याकाळी घरच्या चौकटीवर सात उरल्या होत्या. नवरा चहा ढवळत होता.

"दुसरीही गेली," ती म्हणाली.

"काय गेली?"

"रेघ. काल तुम्ही किटलीच्या रेघेसाठी रडत होता ना."

"किटली?" तो जरा विचारात पडला. "सातच तर आहेत गं, पहिल्यापासून. दोन वर्षांचा झाल्यावर आपण मोजायला लागलो." आणि तिच्याकडे काळजीनं बघून म्हणाला, "तू नीट झोपत जा बाई."

५

माणसाचं डोकं मोठं लबाड असतं. ते आधी सोपं कारण शोधतं. तिनंही शोधलं. नवरा दुःखानं विसरतोय. रेघा जुन्या झाल्या, उडाल्या. फोटो कोणीतरी बदलतंय, थट्टा म्हणून नाही तर काम म्हणून. आणि सगळी पोरं थोड्याफार फरकानं सारखीच वाढतात.

सत्त्याऐंशी. ब्याण्णव. शहाण्णव. रोज एक.

रविवारी सहावी रेघ आली आणि डोक्याची बोलती बंद झाली. सहावी होती शहाण्णव पूर्णांक चारवर. पाचवीला अगदी चिकटून, मधे नखही मावणार नाही. घरीही त्या दोन रेघा अशाच होत्या. त्या सहा महिन्यांत पोरगा सारखा आजारी होता, अन्न अंगी लागत नव्हतं, आणि हिनं ते माप तीनदा घेऊन पाहिलं होतं. हे माप दुसऱ्या कुठल्या मुलाचं असूच शकत नव्हतं.

ती पेन्सिल धरून उभी राहिली. बाथरूममधून नळाचा आवाज येत होता. थेंबाथेंबानं नाही, तर बादलीत धार पडावी तसा. तिनं दार ढकललं. नळ बंद, बादली कोरडी. चौकटीजवळची फरशी तेवढी ओली होती. सफाईवाली मुलगी आठवडाभर तेच रडगाणं गात होती की ताई, कितीही पुसा, तिथं ओलं ते ओलंच.

तिला भीती वाटली का? वाटायला हवी होती. तिला फक्त इतकं वाटलं की भीती इथंच कुठंतरी आहे आणि आपल्यापर्यंत पोचत नाहीये.

सहावी रेघ तिनं काढली. मग काय मनात आलं कोण जाणे, खोडरबरानं ती लगेच पुसली आणि काम अर्धवट टाकून घरी गेली. घरच्या चौकटीवर तीन रेघा होत्या. शहाण्णव पूर्णांक चारची जागा कोरी. इथून गेली ती गेली, तिथून पुसली तरी परत येत नव्हती. आता ती कुठंच नव्हती.

नवरा शीळ घालत भांडी खोक्यात भरत होता. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं. "ये, बस. आज मला सपाटून भूक लागलीय."

ती त्याच्या समोर बसली. त्याच्या गालांवर रंग आला होता. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. निदान एक जण तरी सुटतोय, असं तिच्या मनात आलं.

सोमवारी जाऊन तिनं सर्वांत आधी ती सहावी रेघ परत काढली. मग सातवी.

६

काकांकडे टॉवेल आणायला गेली तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, फोटोच चुकला तर?"

"फोटो कसा चुकेल?" काका घड्या घालत म्हणाले. "चुकतो तो माणूस."

"पण समजा फोटो सांगतोय तसं करत गेलं आणि त्यात आपलंच काहीतरी जातंय."

"मग करू नका." काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "चार दिवसांनी चाललाच आहात नोकरी सोडून. कोण धरणार आहे तुम्हाला?"

सोपं होतं. करू नका. पण एक गोष्ट तिनं काकांना सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. दहावं माप राहिलं होतं. पोर तापानं पडलं त्याच रविवारी घ्यायचं होतं. शनिवारी रात्रीच पोरानं पेन्सिलला टोक काढून ठेवलं होतं, या खेपेला मी कडीच्या वर जाणार म्हणून. आणि रविवारी ते तिघं दवाखान्यात होते.

किती झाला होता तो? एकशे बारा? तेरा? गेले चौदा महिने तिच्या आत काही हलत नव्हतं, पण हा प्रश्न तेवढा होता, खडा बुटात जातो तसा. दवाखान्यातल्या पलंगावर झोपलेल्याचं माप घेता आलं असतं. पट्टी खिशात होती. तिला ते सुचलं नव्हतं आणि याबद्दल तिनं स्वतःला माफ केलं नव्हतं.

हॉटेलातल्या फोटोत रोज एक रेघ वर सरकत होती. नवव्यानंतर दहावी येणार. नऊ दिल्याशिवाय मात्र ती येणार नाही, हे तिला कोणी न सांगताच समजलं होतं.

मंगळवारी आठवी दिली.

७

बुधवारी दुपारी नववी काढली, एकशे दहावर. संध्याकाळी घरी पोचली तर दारात सुतार उभा, हातात करवत, आणि नवरा त्याच्याशी वाद घालतोय.

"साहेब, तुम्हीच बोलावलंत. चौकटीची फळी कापायची म्हणालात."

"मी? आणि चौकट कशाला कापू? घरमालक माझी मान कापेल." नवरा हसला. "अगं, तू सांगितलंस का यांना? कसली फळी?"

ती आत गेली. चौकट नखशिखान्त कोरी होती. खोलीतलं पोराचं छोटं कपाट उघडं होतं आणि त्यातल्या कपड्यांचं गाठोडं दाराशी ठेवलं होतं.

"हे कोणाचं आपल्याकडे राहिलंय?" नवऱ्यानं विचारलं. "शेजारणीच्या मुलाचं असेल. देऊन टाकतो."

तिनं सुताराला जायला सांगितलं. मग गाठोड्याजवळ खाली बसली. नवरा तिच्या शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लावून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बसायचा तसा.

"तिकडच्या घराला दोन खोल्या आहेत," तो म्हणाला. "मी काय म्हणतो, इतकी वर्षं आपण नुसती घालवली. आता मूल होऊ द्यायला काय हरकत आहे? तू चांगली आई होशील बघ."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर कसलाही डाग नव्हता.

"बघू," ती म्हणाली.

गुरुवारी फोटोत नऊच रेघा होत्या. दहावी आली नव्हती. ती सबंध दिवस तीनशे नऊच्या आसपास घोटाळली. दुपारी काका निरोपाचं म्हणून एक टॉवेल घेऊन आले, नवाकोरा, हॉटेलचं नाव विणलेला. "मोठ्या मॅडमना सांगू नका," ते म्हणाले. "तुमचं बरं आहे बाई. मागे मूलबाळ नाही, काही नाही. कुठंही जायला मोकळ्या."

वर्षापूर्वी याच माणसानं तिच्या दारात हंबरडा फोडला होता. तिनं टॉवेल घेतला, आभार मानले. म्हणजे आता जगात त्याला ओळखणारी ती एकटी उरली होती.

रात्री पडल्या पडल्या तिनं हिशेब लावला. चौकट रिकामी झाली. नवरा विसरला, शेजार विसरला, काका विसरले. द्यायचं ते सगळं देऊन झालं. दहाव्या रेघेला घेण्यासारखं आता उरलंय काय? काहीच नाही. मोजण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं हे असं मोजलं आणि कूस बदलून झोपी गेली.

८

शुक्रवारी साडेबाराला तिनं तीनशे नऊचं दार आतून लावून घेतलं.

एकतिसाव्या फोटोत दहा रेघा होत्या. दहावी कडीच्या बोटभर वर. खाली टाइप केलं होतं: एकशे तेरा पूर्णांक पाच. तिनं तो आकडा तीनदा वाचला. गेला होता तर कडीच्या वर.

मग तिला फोटोची खालची कड दिसली. चौकटीला टेकलेल्या दोन टाचा होत्या. लहान, ओल्या, खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. बाकी काही नाही, टाचांच्या वर नुसती चौकट होती. त्यांचं माप खाली लिहिलेलं नव्हतं.

तिनं वर बघितलं नाही. बघायचं नाही, हे तिला आतून कळलं होतं. अल्बम मिटून छातीशी धरला, पेन्सिलला टोक केलं, आणि चौकटीच्या बाजूला, रविवारी उभी राहायची तशी, नजर भिंतीवरच्या ढगांकडे लावून उभी राहिली.

"ये राजा," ती म्हणाली. "पाठ टेकव. मान सरळ. टाच उचलायची नाही."

आतला नळ बंद झाला. कोणीतरी चावी घट्ट पिळल्याचा आवाज. मग ओली पावलं, चार. मग चौकटीचं लाकूड किंचित कुरकुरलं.

तिनं न बघता हात लांब केला. तळव्याखाली ओले केस आले आणि केसांखाली ऊन ऊन डोकं. आंघोळीनंतर असतं तेवढंच ऊन. टाळूवरचा तो भोवरा, दोन वळणांचा. तिच्या छातीत काहीतरी सर्रकन फाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला दुखलं, इतकं दुखलं की आनंदानं ती ओरडली असती.

"हलू नकोस हं," ती म्हणाली. "आता झालंच. हलू नकोस."

अल्बमची कड तिनं त्या डोक्यावर सपाट टेकवली आणि कडेखाली पेन्सिल धरून रेघ ओढली. चार सेंटिमीटर.

९

पेन्सिल हातात कशाला घेतली बरं? ती क्षणभर घोटाळली. मग समोर पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौकटीवर ही एवढ्या रेघोट्या! चांगल्या दहा. अल्बम उघडून एकतिसावा फोटो पाहिला. साईच्या रंगाची कोरी चौकट आणि एक कडी. पाहुण्यांच्या कार्ट्यांनी जाता जाता वाट लावलेली दिसतेय, दुसरं काय.

खोडरबर काढायला हात खिशात घातला तेव्हा तिला तो दिसला. चौकटीला पाठ लावून एक मुलगा उभा होता, ओलाचिंब, अंगाला टॉवेल गुंडाळलेला.

"अरे देवा," ती म्हणाली. "तू कोणाचा रे? जरा सरक बाळा, मला हे पुसायचंय."

मुलगा हलला नाही. "मी टाच नाही उचलली," तो म्हणाला.

"शहाणा आहेस," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात नेऊन रेघा पुसायला लागली. वरची आधी. छान निघाल्या सगळ्या, मागमूस राहिला नाही. मुलगा मान वर करून तिच्याकडे बघत असावा, पण पाहुण्यांच्या मुलांकडे फार टक लावून बघायचं नाही, आईबापांना आवडत नाही. तिनं खालच्या डेस्कला फोन लावला. तीनशे नऊमध्ये कोणाचं तरी मूल चुकून आलंय. डेस्कवरची मुलगी म्हणाली की आज हॉटेलात मुलं असलेलं एकही कुटुंब उतरलेलं नाही. यांना कधी काही धड माहीत असेल तर शपथ!

पावणेदोन झाले होते. फोटोत मुलगा नव्हता, तेव्हा त्याला खोलीत ठेवून चालणार नव्हतं. तिनं त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं आणि लिफ्टजवळच्या बाकड्यावर बसवलं. तो तिचं बोट सोडेना.

"असं करायचं नाही," ती प्रेमानं म्हणाली. "आई शोधत असेल ना तुला? इथंच बसून राहा, येईल ती." आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली.

मग खोलीत परत जाऊन तिनं फरशीवरचे ओले पाय पुसले, बेचाळिसाव्या फोटोपर्यंत सगळं ताडून पाहिलं आणि सही केली. आज अंग कसं हलकं हलकं वाटत होतं. नवऱ्याचा फोन आला, ट्रकवाला रविवारी सकाळी आठलाच येतोय म्हणून. नव्या घरातली मागची खोली उन्हाची आहे, असंही तो म्हणाला.

"ती आपण लहान मुलाची करू," ती म्हणाली आणि लाजून हसली.

बाहेर आली तेव्हा बाकडं रिकामं होतं. नेलं वाटतं आईनं. बसला होता तिथं पाणी साचलं होतं, ते तिनं फडक्यानं टिपून घेतलं. तिला कडाडून भूक लागली होती. लिफ्ट येईपर्यंतही दम निघेना, म्हणून ती जिन्यानंच खाली जेवायला गेली.